आक्कांची प्रभातफेरी

आक्का पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि मी झोपेतून उठून, केस विस्कटलेले, तशीच दार उघडायला गेले होते. समोर एक बाई. अंगावर शहापुरी साडी, वरून रेनकोट, पायांत बूट, आणि हातात पडद्याच्या दांड्याला बांधलेला तिरंगा. मागं जांभया देणारी सात-आठ पोरं.

“पंधरा ऑगस्ट हाय आज. उठलासा न्हाय अजून?”

आयर्लंडमधल्या त्या लहानशा गावात येऊन आम्हांला जेमतेम आठवडा झाला होता. आठवडाभर माझ्या कानावर मराठी पडली नव्हती, आणि पडली ती अशी, थेट रागावण्याच्या सुरात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! “पोरगीला तयार करा. पांढरं कायबी चालंल,” असं म्हणून त्या पायरीवरच उभ्या राहिल्या. पाच वर्षांची आमची ईरा पांढरा बनियन घालून त्या रांगेत शिरली. मी निपाणीची, आक्का बेळगावच्या वडगावच्या. त्यांचे यजमान त्या आयरिश गावातल्याच औषधांच्या कारखान्यात कामाला होते. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, त्यामुळं ‘आक्का’ म्हणायला मला कुणी सांगावं लागलं नाही.

गावापासून तासाभरावर मोठं शहर होतं. तिथं मराठी मंडळ होतं, कन्नड मंडळही होतं, आणि दोन्हीकडं पंधरा ऑगस्ट थाटात व्हायचा. आक्का कुठंच जात नसत. “मराठी मंडळात गेलं की इचारत्यात, तुमी कर्नाटकातल्या न्हवं का? कन्नड मंडळात गेलं की माझं कन्नड ऐकून हासत्यात. त्यापरीस आपली फेरी बरी. झेंड्याला कोण इचारतंय तुझं गाव कुठलं म्हणून?” त्यांच्या फेरीत एक मल्याळी पोरगा होता, पंजाबी बहिणी होत्या. सगळ्यांना त्या वडगावच्याच मराठीत दटावायच्या आणि सगळ्यांना ते कळायचं.

पण फेरीचा खरा जीव होता ओरडण्यात. आक्का विणकरांच्या घरातल्या. त्यांच्या गल्लीत घरोघरी यंत्रमाग, दिवस उजाडायच्या आत खडखडाट सुरू. जेवायला हाक मारायची तरी खांद्याला हात लावून. पंधरा ऑगस्टला मात्र झेंडा चढेपर्यंत कुणी मागाला हात लावत नसे. शाळेची फेरी गल्लीतून जायची, बायका दारात रांगोळी घालून उभ्या असायच्या. “वर्षातनं तेवढी एकच सकाळ बग, पोरांचा आवाज मागापेक्षा मोठा. माझे आप्पा वट्ट्यावर बसून ऐकायचे. म्हणायचे, आमची पोरगी लई मोठ्यानं वरडती. मला तेच पायजे गं. आमच्या पोरांनी वर्षातनं एकदा तरी पोट भरून वरडावं.”

तर त्या आयरिश गल्लीत, रविवारी सकाळी सहा वाजता, ‘भारत माता की जय’चा गजर झाला. ज्या गल्लीत कुत्रंसुद्धा दबक्या आवाजात भुंकतं तिथं! दुपारी शेजारची मेरी दारात आली. बिचारी संकोचानं अर्धमेली झाली होती. ती दवाखान्यात नर्स, रात्रपाळी करून नुकती आडवी झाली होती. मुलं थोडी उशिरा निघाली तर चालेल का, एवढंच तिचं म्हणणं.

मी आक्कांना म्हटलं, “सांगून टाका तिला, वर्षातून एकच दिवस आहे.”

“आनि ती रातभर दुसऱ्यांची मानसं सांभाळून येती ते?”

“मग दहा वाजता काढूया.”

“धा वाजता निघाली तर ती प्रभातफेरी कसली? वरात झाली.” मग त्याच म्हणाल्या, “मुकी काढू. सीमाप्रश्नाच्या मूक मोर्चांची सवय हाय आमाला. निम्मं बेळगाव तसंच मोठं झालंय.”

पुढच्या वर्षापासून फेरी मुकी झाली. पोरांनी बोलू नये म्हणून निघताना प्रत्येकाच्या तोंडात एक लिमलेटची गोळी. आक्का रांगेच्या शेवटी चालायच्या; ओठ हलायचे, आवाज नाही. मला मेरीचा राग यायचा, आक्कांचा त्याहून जास्त. एवढा चांगुलपणा काय कामाचा?

अशी तीनेक वर्षं गेली. एकदा नव्यानं आलेल्या एका पोराला मी विचारलं, पंधरा ऑगस्टला काय करतात? तो म्हणाला, “गोळी खायची आणि अजिबात बोलायचं नाही.” मी हसले. आक्कांच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. “एवढी गप्प पोरं कुटं न्हिऊन ठिऊ गं मी?” म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आक्का अंथरुणाला खिळल्या. पोटाचा आजार, फार उशिरा कळलेला. वडगावला न्यायचं म्हटलं तर डॉक्टर प्रवासाला नाही म्हणाले. मेरी ड्यूटी संपली की घरी न जाता आधी त्यांच्याकडं यायची, अंग पुसून द्यायची, उशाशी बसायची.

पंधरा ऑगस्टला फेरी मी काढली. काढू नये असंच वाटत होतं, पण ईरा अंघोळ करून तयार बसली होती. आक्कांचं घर आलं तशी मी पोरांना बोटानं खुणावलं, की पाय न वाजवता चला. वर त्या झोपल्या असतील, त्यांची झोप मोडायला नको. शिकवण त्यांचीच. पोरं अगदी चवड्यांवर चालली.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. मेरीनं उघडली होती. तिच्या खांद्याला टेकून आक्का बसल्या होत्या, ओळखू येणार नाही इतक्या वाळलेल्या. त्यांनी हात वर केला. ओठ हलले. काय म्हणाल्या ते खालीपर्यंत आलंच नाही, पण मला कळायचं ते कळलं. पोरं माझ्याकडं बघत राहिली.

“गोळ्या थुंका,” मी म्हटलं.

लहानग्यांना काय ओरडायचं तेच ठाऊक नव्हतं. ईरा आता सगळ्यांत मोठी. तिनं “भारत माता की” म्हटलं आणि तिचा आवाज चिरकला. ‘जय’ आधी दोघा-तिघांचा आला, मग सगळ्यांचा. तिसऱ्या वेळेला समोरच्या घराचा पडदा हलला. मी रडत होते आणि ओरडतही होते.

महिन्याभरात आक्का गेल्या. फेरीच्या त्या सकाळी मात्र, पोरं ओरडत असताना, गारवा लागेल म्हणून मेरीनं खिडकी ओढून घ्यायला हात घातला, तो आक्कांनी बाजूला केला.