उपस्थितीची वही

आखातात, अल खोरला आमच्या शेजारच्या घरात एक रशियन जोडपं राहायला आलं, तेव्हा मी इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी होते. सेक्रेटरी म्हणजे हॉल बुक करण्यापासून सभेचं इतिवृत्त लिहिण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. हौसेने काम ओढवून घ्यायचं आणि मग वर्षभर कुरकुर करायची, हा माझा जुना स्वभाव.

शेजारीण माझ्याच वयाची, पन्नाशीची. तिकडे व्होल्गाकाठच्या एका लहान गावात शाळेत भूगोल शिकवायची. नवऱ्याला रास लफानच्या गॅस प्लांटवर नोकरी लागली म्हणून इथे आली, असं ती सगळ्यांना सांगायची. आमची दोघींची गट्टी मोडक्यातोडक्या इंग्रजीत जमली. एकदा गंमत म्हणून मी तिला मंडळाच्या वार्षिक सभेला नेलं.

त्या सभेत गणपतीच्या जेवणात पुरणपोळी ठेवायची की श्रीखंड, यावर दोन तास भांडण झालं. अध्यक्ष तावातावाने उठून बाहेर गेले आणि चहा आला तसे परत आले. शेवटी हात वर करून मत घेतलं. पुरणपोळी हरली. मी पुरणपोळीवाली, त्यामुळे परतीच्या वाटेवर गाडीत माझं तोंड फुगलेलं. शेजारीण खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, कंटाळली बिचारी.

मग ती म्हणाली, "इतकं भांडलात आणि पुढच्या महिन्यात परत भेटणार?"

"भेटणार म्हणजे काय? जाणार कुठे?"

ती आधी हसली आणि मग तिने डोळे पुसले. त्या दिवशी तिने खरं काय ते सांगितलं. गावात त्यांचीही एक संस्था होती. नदीकाठ साफ करायचा, शाळेला पुस्तकं मिळवून द्यायची, आणि वर्षातून एकदा नदीवर जमून, जुन्या राजवटीत घरातून उचलून नेलेल्या गावकऱ्यांची नावं मोठ्याने वाचायची. एवढंच. आधी सरकारने त्यांच्यावर परकीयांचे हस्तक असा शिक्का मारला. तो शिक्का त्यांना प्रत्येक कागदावर छापावा लागायचा, कचरा उचलायला या असं सांगणाऱ्या पत्रकावरसुद्धा. मग कोर्टाने संस्थाच बंद केली. संस्थेची सेक्रेटरी, गावची ग्रंथपाल, तरीही नदीवर जाऊन एकटीने नावं वाचून आली. ती आता तुरुंगात होती, आणि ही दोघं त्याच भीतीने गाव सोडून आलेली.

तीही सेक्रेटरी, मीही सेक्रेटरी. मी मंडळात सगळ्यात जास्त कशाला घाबरले असेन, तर हॉलच्या बुकिंगला.

शेजारीण दर शुक्रवारी सकाळी घरी बसून त्या ग्रंथपालबाईला पत्र लिहायची. मुशैरिब भागातल्या एका हॉटेलात काम करणाऱ्या दोन रशियन मुलीही यायच्या. मीही जायला लागले. तुरुंगातली पत्रं आधी सरकारी माणूस वाचतो, त्यामुळे ती रशियनमध्येच लिहावी लागतात आणि राजकारणाचा शब्द चालत नाही. मांजर, हवा, स्वयंपाक चालतो. मी पुरणपोळीची कृती सांगितली, शेजारणीने ती रशियनमध्ये लिहून दिली आणि मी ती अक्षरं एकेक करून रांगोळीसारखी गिरवली. पुरण कसं शिजवायचं यालाच दोन शुक्रवार गेले.

आणि तिसऱ्या शुक्रवारी मी घाण केली. पत्रं लिहायला चौघीजणी नियमाने जमतात आणि नोंद नाही, हे मला बघवेना. मी नवी वही घेऊन गेले. पहिल्या पानावर सवयीने श्री लिहिला, खाली 'उपस्थिती' लिहिलं आणि शेजारीण चहाच्या समोवरमध्ये पाणी भरायला आत गेली तेवढ्यात दोघी मुलींच्या सह्या घेतल्या. त्यांना वाटलं ही काहीतरी भारतीय रीत असेल. वर त्या पानाचा, पत्रांचा आणि मुलींचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला: रशियन मैत्रिणींसोबत पत्रलेखनाचा उपक्रम!

शेजारीण बाहेर आली, वही बघितली आणि उचलून मिटली.

"आमच्याकडची अशीच वही त्यांनी नेली होती," ती म्हणाली. "मग त्यातलं एकेक नाव बोलावलं."

मी फोटो लगेच काढून टाकला, पण तोवर तो कुणीतरी पुढे पाठवलेला. मुलींनी पर्स उचलल्या. एकीची आई तिकडे एकटी राहत होती. दोघी परत कधी आल्या नाहीत आणि त्या आईच्या दारात कुणी आलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. याची लाज वाटते, आणि ती जाऊही नये असं वाटतं. शेजारणीने सह्यांचं पान फाडून सिंकमध्ये जाळलं. म्हणाली, "खलास. आता शुक्रवार बंद."

संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "वहिनी, हे काय नवीन? आपण इथे पाहुणे. मंडळाचं नाव असल्या भानगडीत नको."

"मंडळाचं नाही येणार," मी म्हटलं. "माझं येईल."

नवरा बाजूलाच होता. "अगं, आपण व्हिसावर आहोत!"

"पुरणपोळीची कृती लिहायला कुणाची परवानगी लागते ते सांग. रांगेत उभी राहून आणते."

मला घाबरवलं की मी हट्टाला पेटते. पण खरा राग माझा माझ्यावरच होता. एका बाईला पत्रं जात होती, ती माझ्या वहीपायी बंद पडणार होती. तिकडच्या सरकारला जे जमलं नाही ते मी एका फोटोत केलं असतं.

पुढच्या शुक्रवारी मी सकाळीच शेजारणीचं दार वाजवलं. तोवर पाकिटांवर पाठवणाऱ्याचं नाव कुणी घालत नसे, त्यामुळे उत्तर येण्याचा प्रश्नच नव्हता. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि खाली नवऱ्याच्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स. माझी आई नाशकात सुखरूप होती. मला परवडत होतं.

"वेडी आहेस," शेजारीण म्हणाली आणि तिने समोवर चालू केला.

उन्हाळा गेला, गणपती आले, श्रीखंड झालं. मी ते नाक मुरडत खाल्लं. मग एक दिवस नवऱ्याने ऑफिसातून एक पाकीट आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आतल्या कागदावर पत्रं वाचणाऱ्या सरकारी माणसाचा शिक्का होता. मी चपला न घालताच शेजारी धावले. शेजारीण वाचून सांगत गेली.

"तुमची कृती मी आमच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवली. गूळ इथे कुणाला माहीत नाही. त्याऐवजी साखर घालावी की मध, यावर फार भांडण झालं. शेवटी हात वर करून मत घेतलं. मध जिंकला. साखरवाल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत, पण जेवायला शेजारीच बसतात."

शेजारणीने ते परत पहिल्यापासून वाचलं. मग कागद मांडीवर ठेवून रडली, हसली, दोन्ही केलं.

"त्यांनी इतिवृत्त लिहिलं का?" मी विचारलं. सवय, दुसरं काय.

"नाही."

मी कोरा कागद पुढे ओढला आणि तिला म्हटलं, आता श्रीखंडाची कृती सांगते, लिहून दे. मला ते आवडत नाही, पण त्यांना पुढच्या सभेला विषय नको?