ओदेतचा आवाज

ओदेत लिस्बनहून आमच्या सिनेमात आली तेव्हा तिचं फ्रेंच जेमतेम कामापुरतं होतं. सिनेमा फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर चालला होता. म्हणजे चालला होता असं म्हणायचं. दिग्दर्शक गास्पार सकाळी कॉफी पिता पिता संवाद लिही आणि अकराला फाडून टाकी. दोन कॅमेरामन पळून गेले, तिसरा गाडी मिळेना म्हणून राहिला.

मी मोरिसेत, सेटवरची वहीवाली. कुठला शॉट घ्यायचा, कुठला बाद, हे मी लिहायचं आणि पॅरिसमधल्या निर्मात्यानं ते वाचायचं. तिथं माझी वही म्हणजे ब्रह्मवाक्य.

ओदेत रोज पहाटे माझ्याकडे उच्चार शिकायला येई.

"अहो मोरिसेत, हे नाकातून का घशातून?"

"आधी ते अहो सोड. सेटवर सगळे अरे-तुरे करतात."

"जमत नाही हो. तुम्ही माझ्या गुरू."

"गुरू कसली मेली. नाकातून."

परक्या नटीच्या तोंडी नंतर दुसरीचा आवाज घालायची आमच्याकडे रीतच होती. पण गास्पारनं तिला शब्द दिला होता, आवाज तुझाच राहील. त्या शब्दावर ती लिस्बनची रंगभूमी सोडून आली होती.

बुडालेल्या पोराच्या आईचा प्रसंग तिनं एका दमात केला. दिवे लावणारे दांडगे गडीसुद्धा डोळे पुसत होते. शेवटच्या ओळीला मात्र शेजारच्या मासळीच्या कारखान्याचा बाराचा भोंगा वाजला. गास्पार म्हणाला, "हाच घ्या, पुन्हा असं होणार नाही." आणि सगळे जेवायला पळाले. बारा म्हणजे बारा. आमच्यात जेवण कुणासाठी थांबत नाही.

मी लिहायला हवं होतं, 'शेवटची ओळ तेवढी पुन्हा घ्यावी.' मला भूक लागली होती. मी लिहिलं, 'आवाज बाद.'

निर्मात्याला निमित्तच हवं होतं. मुख्य प्रसंगाचाच आवाज बाद, तर सगळाच बदला, असं म्हणून त्यानं एका पॅरिसच्या बाईला आवाज द्यायला बसवलं. गास्पार भांडला, पण वहीपुढं त्याचं काही चाललं नाही.

पहिल्या खेळाला ओदेत माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर ओठ तिचे, बोलणारी दुसरीच. तिनं माझा हात घट्ट धरला.

"इतकं वाईट बोलत होते का हो मी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "निर्माते असलेच असतात गं."

"तुम्ही एकट्याच माझ्या बाजूच्या," ती म्हणाली. ते मी निर्लज्जासारखं ऐकून घेतलं.

ती लिस्बनला परत गेलीच नाही. दोष आपल्या बोलण्यातच आहे असं धरून पॅरिसमध्ये एका शिंपिणीकडे कामाला लागली आणि रोज आरशासमोर बसून उच्चार घासत राहिली. वर्षामागून वर्षं. मला पत्रं येत, मी उत्तरं टाळी.

परवा फोन वाजला. पलीकडे कुणी अस्सल पॅरिसची बाई.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"अहो, मी ओदेत. ओळखलं नाहीत ना?" ती आनंदानं म्हणाली. "मग आता माझाच आवाज ठेवतील ना हो?"

ती एकसष्ट वर्षांची आहे. मी म्हणाले, "ठेवतील की."