नानांच्या पणतूचा पाळणा

दोन म्हातारी माणसं लाकडाच्या भुशात बसली की किस्से आपोआप साठतात. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच. आमच्या कळंबच्या पडवीतले हे किस्से मी आता हसत सांगतो.

शेजारचे नाना सुतार, वय पंच्याहत्तर. उन्हाळ्यात लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. "हात वापरत राहा, नाहीतर कायमचा जाईल," असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण त्यांच्या सुनेनं, संगीतानं, भीतीपोटी हत्यारांना बंदीच घातली! घरातला प्रत्येक पाळणा नानांच्या हातचा, आणि पणतूचं बारसं रविवारी. मग हत्यारांची पेटी गुपचूप माझ्याकडे आली. नाना सांगणार, मी करणार. मी म्हणजे गणिताचा रिटायर्ड मास्तर!

* * *

पहिल्याच दिवशी मी पेटीतला रंधा उचलला.

"ठिवा खाली! आदी पाया पडा!"

मी वाकलो.

"माज्या न्हाई वो गुरुजी, रंद्याच्या!"

* * *

पाळण्याची दांडी मी अगदी मापात कापली. बसवायला गेलो, तर दोन्हीकडे बोटभर कमी! दांडीची टोकं खांबाच्या भोकात शिरतात, त्यांना कूस म्हणतात. ती मी मापात धरलीच नव्हती. आता सागवानाचा एकच तुकडा उरला.

नानांनी आखूड दांडी डाव्या हातानं उचलून पाहिली. मग म्हणाले, "गुरुजी, तुमच्या हाताखालची पोरं पास कशी व्हायची?"

* * *

शुक्रवारी नानांचा पेठ गावचा भाचा दत्ता इलेक्ट्रिक करवत घेऊन हजर.

"मामा, दोन मिन्टात कापून देतो!"

"देशील की. मंग ऱ्हायलेला दिवस म्या काय करू?"

दत्ता हसला. आम्ही नाही हसलो. नानांचा उजवा हात बंडीच्या खिशात होता. चारचौघांत ते तो बाहेर काढतच नसत.

* * *

त्याच संध्याकाळी संगीता अचानक आली. नाना पटकन रंध्यावरच बसले! ती चहा घेईपर्यंत हलले नाहीत.

ती गेल्यावर उठले, तर धोतराला वीतभर चीर.

"धार लई झ्याक लागलीया," नाना म्हणाले.

* * *

शनिवारी शेवटचा तुकडा. चुकलं, तर पाळणा गेला. नानांनी खूण चारदा तपासली. मी करवत टेकवली. पातं खुणेवरून सरकलं.

"थांबा!"

नाना मागे आले. डाव्या हातानं त्यांनी लाकूड दाबून धरलं. उजवा खिशातून निघाला आणि माझ्या मुठीवर येऊन पडला. जड, गार.

आम्ही ओढलं. पुन्हा ओढलं. लई सावकाश. माझ्या कपाळाचा घाम लाकडावर पडत होता. अर्ध्यावर मी जोर लावणं सोडून दिलं.

करवत चालूच राहिली!

तुकडा पडला. मी दांडी भोकात घातली, मोगरीचा हलका ठोका दिला. घट्ट बसली. वळून बघतो, तर दारात संगीता! कधीपासून उभी होती देव जाणे. झालं, आता पेटी जाणार, मी धरूनच चाललो.

तिनं करवत पाहिली, पाळणा पाहिला. मग सासऱ्याकडे पाहत राहिली.

"नाना, जेवाया चला. हात धुवा."

नाना मुकाट्यानं बादलीपाशी गेले. डावा हात पाण्यात घातला.

"दोनी धुवा," संगीता म्हणाली.