मी न वाचलेलं कलम

आमच्या घरी इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्याकडे यायचा. बाबा सातवी शिकलेले, आई चौथी. यवतमाळ जिल्ह्यातून दोघं पुण्यात आले तेव्हा बाबांच्या हातात फक्त पाना-स्क्रू ड्रायव्हरची कला होती. त्यामुळे मी सहावीत गेल्यापासून कागद वाचायचं काम माझं झालं.

वाचताना मी एक गोष्ट करायचे. ज्यानं त्यांचा चेहरा उतरेल ते गाळायचे. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं की पालक घरी अजिबात लक्ष देत नाहीत. मी वाचलं, "अजून अभ्यास हवा." मी नववीत असताना बाबांच्या गॅरेजच्या जागामालकानं वकिलाकडून नोटीस पाठवली. कोथरूडच्या एका गल्लीत आमची पत्र्याची शेड होती आणि तिथे इमारत उठणार होती. जागा सोडा, एवढंच त्या नोटिशीत नव्हतं. बाबांबद्दल पुढे बरंच काही होतं. मी पहिला परिच्छेद सांगितला आणि कागदाची घडी घातली. बाबांनी महिन्याभरात जागा सोडली, शहराच्या दुसऱ्या टोकाला मांजरी गावात उसाच्या शेताशेजारी नवी शेड घेतली, आणि निघताना जागामालकाला पेढ्यांचा पुडा देऊन आले. मला वाटलं, बरं झालं, कुणाला त्रास झाला नाही.

हे खोटं बोलणं आहे असं तेव्हा खरंच कधी मनात आलं नाही.

मागच्या वर्षी मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या वर्षी कोथरूडच्या काकांनी गाडी घेतली. हे काका बाबांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढता काढता निवृत्त झाले. शेड मांजरीला गेल्यावर बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू सुटली, काका मात्र सगळं शहर ओलांडून येत राहिले. बाबा एकदा म्हणाले, "साहेब, एवढ्या लांब कायले येता?" तर म्हणाले, "मेस्त्री, या वयात नवीन माणसाला शिव्या द्यायला संकोच वाटतो."

गाडी म्हणजे दोन माणसांची ठेंगणी, गडद निळी स्पोर्ट्स कार. दुसऱ्यानं वापरलेली. ती शेडपर्यंत यावी म्हणून बाबांनी समोरच्या गटारावर फळ्या टाकल्या होत्या.

"साहेब, घेतलीच शेवटी!"

"घेतली. एकानं अडीच वर्षं मिरवली आणि कंटाळला. आता मी मिरवतो."

काकू दाराला धरून कशाबशा बाहेर आल्या. "मी यांना म्हटलं, मंडईत गेलो तर कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन बसावं लागेल. तर म्हणाले, मग कोथिंबीर आणूच नकोस."

बाबांचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं होतं आणि आत वाकून ते नुसतं पाहत होते. बॅटरीची पट्टी सैल होती, ती त्यांनी आवळली आणि नेहमीप्रमाणे नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ मारली. नटावरून सुरू होऊन शेजारच्या पत्र्यावर संपणारी. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. बाबांनी हात लावलेल्या प्रत्येक गाडीत अशा रेघा सापडतील.

काकांनी एक जाडसर पुस्तक बाबांपुढे धरलं. "कंपनीची वॉरंटी महिनाअखेर संपतेय. अजून दोन वर्षं वाढवून मिळते, पण मग सगळी कामं त्यांच्याच वर्कशॉपात. सोडली तर गाडी तुमच्याकडे. मला त्या काचेच्या खोलीत बसून कॉफी पिण्याची हौस नाही. पण तुम्हाला झेपणार असेल तरच सोडीन. वाचा आणि सांगा. तुम्ही म्हणाल ते."

"तुम्ही नाही वाचलं, साहेब?"

"नोकरीत आयुष्यभर यंत्रांची असली पुस्तकं वाचली. आता वाचत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुमच्याकडे वाचणारी आहे की."

संध्याकाळी बाबांनी साबणाची पूड लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि मगच पुस्तक हातात घेऊन मला दिलं. एखाद्या परीक्षेला बसावं तसे ते माझ्यासमोर बसले. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगू लागले. इंजिन ऑइल. "जमते." ब्रेक. "जमते न." एसी. "थोडं शिकून घ्यावं लागन, पण जमन." बोलता बोलता ते शेडचा कोणता कोपरा रिकामा करायचा हेही ठरवत होते. असा उजळलेला चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मग गिअरबॉक्सचं कलम आलं. तो बिघडला तर दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावा लागतो. त्याला हात घालायचा तर कंपनीचाच संगणक लागतो, बाहेरच्या कुणालाही तो उघडता येत नाही. वॉरंटी असेल तर कंपनी बदलून देणार, नसेल तर सगळा भार मालकावर. आणि वॉरंटी एकदा सोडली की पुन्हा मिळत नाही.

मी पान उलटलं.

"बस?" बाबांनी विचारलं.

"बस, बाबा."

त्यांनी लगेच फोन लावला. "सोडा साहेब. मी करतो न."

पुढचे दिवस मी स्वतःला समजावत राहिले. गिअरबॉक्स काही लगेच बिघडणार नाही. बिघडणारही नाही कदाचित. काकांना परवडेल. कारणं बरीच सापडत होती. पण कॉलेजात तास चालू असतानाही ते पान डोळ्यांसमोर यायचं.

महिना संपायला पाच दिवस उरले असताना मी बाबांबरोबर नाना पेठेत गेले. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून भुवया उंचावल्या. "मेस्त्री, असल्या गाडीला हात घालताय? पुस्तक तरी वाचलंय का तिचं?"

"माह्या पोरीनं वाचलं," बाबा म्हणाले. "कॉलेजात जाते ती. तिनं वाचलं म्हणजे वाचलं."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. चांगलंच हसला, कौतुकानं. मी बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला न जाता शेडवर गेले. बाबा रिकाम्या केलेल्या कोपऱ्यात झाडू मारत होते. मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. एक कलम राहिलं, असं आधी म्हटलं. मग म्हटलं, राहिलं नाही, मी गाळलं.

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "आण पुस्तक. जसं हाय तसं वाच."

मी वाचलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"हे मले जमत नाही," ते म्हणाले. दुकानात एखादा पार्ट नाही असं सांगावं, इतक्या साधेपणानं. "मग कायले गाळलं तू?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"जमत नाही म्हणायले मले कायचं वाईट? एवढ्या वर्षांत किती गाड्या परत पाठवल्या मी. हे माह्यं काम नाही, दुसरीकडे न्या म्हणून सांगतलं. म्हणून तर साहेब इथवर येतात." मग म्हणाले, "वाईट तर आता वाटून राह्यलं."

शेजारच्या शेतात ऊसतोड चालू होती, तिचा आवाज येत होता.

"असं अजून काय काय वाचलं तू मले?"

याचं उत्तर मोठं होतं.

फोनवर सांगायचं नाही, असं बाबांनी ठरवलं. दोन बस बदलून आम्ही कोथरूडला गेलो. काकांनी दार उघडलं. बाबा चपला काढायच्या आतच म्हणाले, "साहेब, मी चुकीचं सांगतलं. वॉरंटी सोडू नका. गिअरबॉक्सचं काम माह्याच्यानं होत नाही."

त्यांनी माझं नावही घेतलं नाही. तेव्हा मलाच बोलावं लागलं. "काका, बाबांची चूक नाही. ते कलम मी त्यांना वाचूनच दाखवलं नाही."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का?"

"बाबांचा चेहरा उतरेल, याची भीती वाटली."

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी वाचायचं तेवढं काम तू कर. घाबरायचं की नाही ते आम्ही बघू."

काकूंनी चहा आणला. "ठेवा हो ती वॉरंटी. तिथे कॉफी तरी मिळेल. लग्न झाल्यापासून यांनी मला बाहेर कॉफी पाजलेली नाही."

निघताना बाबा दारात थांबले. "एक अजून, साहेब. बॅटरीच्या पट्टीले मी हात लावला होता. पिवळी रेघ हाय तिथं. कंपनीवाल्यांनी विचारलं तर लपवू नका."

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. वॉरंटी वाढवून मिळाली होती. "त्यांच्या माणसानं विचारलंच, ही रेघ कुणाची. म्हटलं, तुम्हाला जी सैल पट्टी दिसली नाही, ती ज्याला दिसली त्याची." बाबा थोडं हसले. निळी गाडी त्यानंतर आमच्या शेडवर आली नाही. काकूंची जुनी गाडी येते. गटारावरच्या फळ्या अजून तिथेच आहेत.

त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी कपाटावरची प्लास्टिकची पिशवी खाली काढली. आतापर्यंतचे सगळे कागद त्यात होते. हात धुऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

"वाच."

प्रगतिपुस्तक आधी हाताला लागलं. बाईंचा शेरा मी वाचला, जसा होता तसा. बाबा म्हणाले, "खरं हाय त्यांचं," आणि ते बाजूला ठेवलं. त्याखाली कोथरूडची नोटीस होती. जागा बळकावली आहे, हा माणूस विश्वासाला पात्र नाही, पोलिसांत तक्रार करण्यात येईल. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

बाबांनी नोटीस माझ्या हातून घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि परत दिली.

"म्हणून तो पेढे घेऊन नव्हता राह्यला," ते म्हणाले. "मी जबरदस्तीनं त्याच्या हातात पुडा देल्ला."

मी कागदाची घडी घालू लागले.

"घडी नको घालू," बाबा म्हणाले. "खाली अजून लेहेलेलं दिसते."