सांबराच्या कुशीतली गोळी

दुपारचं जेवण अंगावर आलं आहे. पुरसो गवस खोपीत भिंतीला पाठ टेकून बसला आहे आणि त्याच्यासमोर फडक्यावर शिशाच्या गोळ्यांचे दोन ढीग आहेत. डावीकडच्या गोळ्या त्याने छापखान्यातून मोडीत निघालेले अक्षरांचे खिळे वितळवून ओतल्या आहेत. कडक, चकचकीत. उजवीकडच्या, मासे धरायच्या जाळ्याला लावतात त्या जुन्या शिशाच्या. मळकट, मऊ. उद्या गावची पारध. शिकारीवर बंदी यायला अजून बरीच वर्षं आहेत, आणि ठासणीच्या बंदुकीत कुठली गोळी घालायची हा या गावात चेष्टेचा विषय नाही.

उद्या खिंडीचं नाकं पुरसोचं आहे. हाकाऱ्यांनी रान उठवलं की सांबर त्याच वाटेने फुटतं. बावीस वर्षं तिथे बाबल परब उभा राहायचा. श्रावणात बाबल काविळीने गेला, म्हणून पुरसोचा नंबर. आणि काल गावप्रमुख गावकराने ते सांगितलं तरी कसं? "बाबल नाय, तर पुरसो उभो रवांदे." तो 'तर' पुरसोच्या घशात कालपासून काट्यासारखा अडकला आहे.

तो डावीकडची एक गोळी उचलतो. चिमटीत फिरवतो. गोळी फिरते आहे, बाहेर कोंबडी कॉक-कॉक करते आहे, मग कोंबडीचा आवाज लांब जातो आणि समोर बाबल उकिडवा बसलेला आहे.

"ही कडक कित्या रे?" बाबल विचारतो.

"कडक आसा म्हणान आरपार जाता."

"आरपार जाता. मगे?"

"मगे काय?"

"मगे जनावर खंय जाता?"

पुरसो बाबलकडे बघतो आहे. अंगावरचा पिवळेपणा गेला आहे, केसांना तेल आहे, आणि सदरा कोरा करकरीत. मेल्यावरसुद्धा ह्याला नवा सदरा, पुरसोच्या मनात येतं. आपल्या सदऱ्याला खांद्यावर ठिगळ आहे, ते तो हाताने झाकतो.

खोपीचं दार म्हणजे आता बाबलच्या घराचं दार आहे. वर चौकटीवर सांबराच्या शिंगांचा तो जोड. गेल्या वर्षीच्या पारधीतला. पहिला बार पुरसोने टाकला होता, पण तिसऱ्या दिवशी शिंगं खांद्यावर टाकून गावात आला तो बाबल. म्हणाला, "माझो बार." पुरसोने दुकानावर सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, सोयऱ्यांच्या घरी जाऊन सांगितलं, की सांबर माझ्या गोळीने पडलं, बाबलने लाटलं. कोणी हसले, कोणी मान फिरवली. कारण पारधीच्या दिवशी संध्याकाळी रानातून परतताना पुरसो स्वतःच म्हणाला होता, बार चुकला.

"काढ ती शिंगा," पुरसो म्हणतो. "माझी आसत."

"चल, दाखयतंय," बाबल म्हणतो.

अंगणात घोट्याएवढं पाणी आहे. दोन पावलं टाकली तर रानातला वहाळ वाहतो आहे. करवंदीच्या जाळीखाली सांबर आडवं पडलं आहे, अर्धं पाण्यात. डोळे उघडे. श्वास चालू आहे, पण कसा, जुना भाता ओढावा तसा.

"तीन दिस हयसर पडान होता," बाबल म्हणतो. "उठाक होयना, मराक होयना."

तो पुरसोचं मनगट धरतो आणि हात सांबराच्या कुशीवर ठेवतो. पलीकडच्या बाजूला, कातड्याखाली, पुरसोच्या बोटांना गाठ लागते. गोल. कुठे चेपलेली नाही, पसरलेली नाही. साच्यातून पडली तेव्हा होती तशीच.

"आतड्यांतून गेली नि हयसर येवन रवली. मऊ शिसा असता तर आत पसरला असता. जनावर जाग्यार बसला असता."

"आणि तू गावात सांगलंस, तुझो बार."

"मगे काय सांगू? पुरसोन जनावर तीन दिस तडफडत ठेयल्यान म्हणान?"

"माका तरी सांगूचा होता."

"तुका ठाऊक होता."

ठाऊक होतं. पानावरचं रक्त पुरसोने त्या संध्याकाळी पाहिलं होतं. काळपट, त्यात चावलेलं गवत. गोळी पोटात बसली हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. माग काढत जायला हवं होतं. त्याने पायाने पाचोळा ओढून ते पान झाकलं आणि घरची वाट धरली.

आता वाईट वाटायला हवं. सांबर समोर आहे, ते त्याच्याकडेच बघतं आहे. पण पुरसोच्या पोटात जळतं आहे ते वेगळंच. नेम ह्याचा, नाकं ह्याचं, शिंगं ह्याची. आणि आता माझी लाज झाकल्याचा मोठेपणासुद्धा ह्यानेच घ्यावा?

"तू मेलंस तेवा माका बरा वाटला," तो म्हणतो.

बाबल हसतो. राग नाही, काही नाही. "दिसला माका. खांदो दिताना हलको पाय टाकी होतंस."

आता पायाखाली पाणी नाही. खिंडीचं नाकं आहे, सकाळचं ऊन आहे आणि पुरसोच्या खांद्याला बंदूक. खालून हाकाऱ्यांचे डबे वाजतात. बाबल पाठीमागे उभा आहे, त्याचा श्वास मानेला लागतो.

"खंयची घातलंस?"

पुरसोला आठवत नाही. नळीत काय ठासलं ते काही केल्या आठवत नाही.

"शिसा कसा तपासतत ठाऊक आसा मा?" बाबल अंगठ्याचं नख पुरसोच्या पाठीवर, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये टेकवतो आणि दाबतो. "नख रुतला तर कामाचा. नाय रुतला तर टाकून दी."

"रुतला?"

बाबल नख आणखी दाबतो.

"बाबल, रुतला काय?"

पुरसो वळतो. भिंत. खोप. ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं आहे आणि सदरा घामाने पाठीला चिकटला आहे.

तो डावीकडचा ढीग मुठीमुठीने उचलतो आणि मागच्या दारातून सांडपाण्याच्या खड्ड्यात टाकतो. उजवीकडच्या मळकट गोळ्या बटव्यात भरायला घेतो. उद्या यातली एक नीट बसली तर सांबर जागच्या जागी खाली येईल, आणि लोक म्हणतील, अगदी बाबलसारखो बार. हे त्याला आत्ताच ऐकू येतं आहे. तरी हात थांबत नाही.

उकाडा सोसेना म्हणून तो सदरा काढतो. त्याची बायको आवडू चहा घेऊन येते आणि दारातच थांबते.

"ओ, तुमच्या पाठीर नख कोणाचा उठला?"

पुरसो हात मागे नेतो. वरून नेतो, खालून नेतो. त्या जागेपर्यंत बोट पोचत नाही.

"रुतला हा?" तो विचारतो.

आवडू कप खाली ठेवते, वाकून बघते, बोटाने चाचपते.

"रुतला हा तर," ती म्हणते. "बराच खोल."