लग्नापुरतं नाजूक हृदय

आमच्या शेजारच्या सरिताचं हृदय फार नाजूक. म्हणजे लग्नापुरतं नाजूक बरं का! पाण्याच्या बादल्या जिन्यानं वर चढवायला, घरभराची धुणी बडवायला तेच हृदय एकदम ठणठणीत. देशपांडे नगरात आमची भिंतीला भिंत, त्यामुळं लग्न होऊन आल्यापासून मी हा तमाशा बघतेय.

लहानपणी तिच्या हृदयाला भोक होतं. चौथीत असताना ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून घरात एकच पालुपद, 'तिला झेपायचं नाही.' शाळेची सहल झेपायची नाही, धारवाडचं कॉलेज तर मुळीच नाही. धाकट्या भावाचं, श्रीकांतचं लग्न झालं, कापडाचं दुकान वाढलं, पोरं झाली. त्या पोरांचं हगणं-मुतणं मात्र आत्याला झेपलं!

गेल्या वर्षी अळणावरकडच्या मंजुनाथचं स्थळ सांगून आलं. गोकुळ रोडवर त्याचं लेथचं वर्कशॉप, बायको आजारपणात गेलेली. भला माणूस. पोहे खाता खाता सरिताकडे बघून हसला, आणि चाळिशीतली आमची सरिता चक्क लाजली. तेवढ्यात पाय अधू झालेली तिची आई कॉटवरनं म्हणाली, "लपवायचं कशाला? पोरीचं हृदय खराब आहे. कधी काय होईल, सांगता येत नाही." बिचाऱ्याचा चेहराच उतरला. एकदा दवाखान्याच्या पायऱ्या झिजवून बसलेला माणूस तो, पुन्हा कशाला येतोय?

त्यानंतर सरिता माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "मालतीवहिनी, मरणार असेन तर मरू दे हो, पण कधी मरणार ते तरी कळू दे!" माझं डोकंच फिरलं. तिला रिक्षात घातलं आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीवर यंत्र फिरवलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. "हे बघा, अंगभर फिरून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं. तिथनं फुप्फुसात जातं, प्राणवायू घेतं आणि डाव्या बाजूला परततं. मग हा डावीकडचा खालचा कप्पा त्याला डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत ढकलतो. तुमच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक होतं. फुप्फुसातनं आलेलं चांगलं रक्त तिथनं उजवीकडे निसटायचं आणि पुन्हा फुप्फुसातच जायचं. फुकटचा फेरा. हृदयाला नि फुप्फुसाला त्याचाच ताप."

"आणि आता?" सरितानं घाबरत विचारलं.

"आता काय? भोक तेव्हाच बुजवलंय की. थेंबभरसुद्धा निसटत नाही. हृदय छान चाललंय."

"म्हणजे... लग्न केलं असतं तर?"

"न करायला काय झालं होतं? मुलंबाळंही झाली असती. ऑपरेशन झालं तेव्हाच घरच्यांना सांगितलं असणार हे."

रिक्षात ती माझा हात घट्ट धरून बसली होती. "वहिनी, मी चांगली आहे हो! मी चांगली आहे!" हसत होती की रडत होती, देव जाणे.

घरी आल्यावर ती तडक आईच्या कॉटपाशी गेली. मीही मागोमाग घुसले, मला कोण अडवतंय! श्रीकांत पेपरात तोंड खुपसून बसला होता.

"आई, मी बरी झालेय, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं?"

म्हातारीनं अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "सांगितलं होतं."

"मग?"

"तुझे अप्पा गेले. मग वाटलं, तूही सासरी गेलीस तर मला कोण बघणार? सुना कुणाच्या झाल्यात?"

सख्खी आई ही! मला वाटलं, आता तरी ही पोरगी ओरडेल, भांडी फेकेल, घर डोक्यावर घेईल. मनातनं मी तिला म्हणत होते, बोल गं बाई, बोल!

म्हातारीनं हात पुढे केला. "धर जरा. मघापासनं लघवीला लागलीय मला."

सरितानं पदर खोचला, खाली वाकली आणि आईला उचललं.