चातुर्मासातलं मीठ

माझा धाकटा भाऊ लिथियमच्या गोळ्या घेतो. एकदा त्याच्या मनाचा तोल फार वाईट गेला होता, त्यानंतर त्या सुरू झाल्या. आईवडील आता नाहीत, घरात आम्ही दोघंच. तो हेब्बाळला नोकरीला जातो आणि मी त्याला सांभाळते. ‘सांभाळते’ हा माझा शब्द. तो ‘पहारा देते’ म्हणेल.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. या औषधाची रक्तातली पातळी कमी पडली तर उपयोग नाही, आणि थोडी जास्त झाली तर तेच औषध विष. मधली जागा अगदी चिंचोळी. म्हणून मात्रा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि अधूनमधून रक्ततपासणी. तीही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे दर वेळचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. तो गोळी गिळेपर्यंत मी समोरून हलत नसे. दुधाने तोंड पोळलेलं, ताकही फुंकूनच पिणार ना!

दोन वर्षं तो छान राहिला. कामावर रमला, माझी थट्टाही करू लागला. मला इतकं बरं वाटलं की त्या चातुर्मासात मी त्याच्यासाठी नेम धरला: चार महिने स्वतः मीठ सोडायचं. आई कांदा-वांगं सोडायची, पण मला त्याहून अवघड काहीतरी सोडायचं होतं. सारू, पल्या, म्हणजे आमटी-भाज्या, सगळं अळणीच करायची, आणि त्याच्या पानाशी मीठ ठेवायची. डब्यातही एक पुडी द्यायची.

महिन्याभरात त्याचे हात कापू लागले. कॉफी बशीत सांडायची. मग पोट बिघडलं. एका रविवारी आम्ही चिकपेटात चादरी घ्यायला गेलो, तर सपाट रस्त्यावर त्याचा तोल जायला लागला आणि जीभ जड झाली. त्याला पुन्हा जीव नकोसा झालाय आणि त्याने चोरून जास्तीच्या गोळ्या घेतल्यात, हेच माझ्या मनात आलं. रिक्षा करून त्याला थेट इस्पितळात नेलं आणि वाटभर त्याला नाही नाही ते बोलले. तो ‘सरी अक्का’, म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाला. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला रागच येतो.

रक्तातली पातळी खूप वाढलेली निघाली. काय बदललं, ते डॉक्टरांनी विचारलं. मी वही उघडून दाखवली: काहीच नाही, एक गोळी इकडची तिकडे नाही. मग त्यांनी पाण्याचं विचारलं, मिठाचं विचारलं. मी म्हटलं, मीठ मी सोडलंय, त्याने नाही.

भाऊ मान खाली घालून म्हणाला, “अक्का माझ्यासाठी अळणी खाते. तिच्यासमोर मी मीठ कसं घेऊ? डब्यातलंही टाकून देतो.”

डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं ते धरून ठेवतात आणि त्यासोबत लिथियमही धरून ठेवतात. गोळी तीच, पण बाहेर कमी जातं आणि आत साठत राहतं. मीठ-पाणी नेहमीसारखं ठेवा, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे. माझ्या वहीत ते नव्हतं. मला गोळ्यांपलीकडचं ऐकूच आलं नव्हतं.

गोळ्या थांबवल्या, सलाइन लावलं. दोन दिवसांनी पातळी उतरली आणि नेहमीचं जेवण द्यायला सांगितलं. खालच्या कँटीनमधून मी उप्पीट आणलं. त्याने ताटली बाजूला सारली.

“आणि तुझा नेम?” त्याने विचारलं.

धरलेला नेम मोडला तर ज्याच्यासाठी धरला त्याच्यावर संकट येतं, असं आई सांगायची. मला भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू! त्याच्या ताटलीतला पहिला मिठाचा घास मी खाल्ला. मग त्याने चमचा हातात घेतला.